चौदा वर्षांखालचे पोट्टे पंचाशी भांडतात, हरल्यावर हात देत नाहीत. सरावातच काय बदलावं?

काळी_माती_मैदान (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा, पाचवी ते आठवी. १४ वर्षांखालचे दोन संघ आहेत: मुलांचा कबड्डीचा, १२ जण, मुलींचा खो-खोचा, १५ जणी. सराव आठवड्यातून चार दिवस, सकाळी ७ ते ८:१५. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्यात. खेळ बरा आहे, वागणूक नाही.

मुलं जवळजवळ प्रत्येक गुणाला पंचाभोवती गोळा होतात. ‘बोनस होता सर, बोनस होता!’ पकड झाली की खाली पडलेल्या चढाईपटूच्या तोंडासमोर मांडी थोपटतात, वर एखादा शेलका शब्द. सामना गेला की ज्याच्यामुळे शेवटचा गुण गेला त्याला धारेवर धरतात आणि समोरच्या संघाला हात न देताच दप्तर उचलतात. मुलींकडे आवाज कमी, पण हरल्यावर दोघी-तिघींचा अबोला आठवडाभर चालतो आणि तो थेट खो देण्यात दिसतो. शिवाय मैदानाबाहेरची मोठी माणसं आहेतच.

परिपाठात बोधकथा, सुविचार, सगळं होतं. माना डोलतात आणि मैदानात पुन्हा तेच. मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा दोन दिवस पुरते.

तर सव्वा तासाच्या सरावात नेमकं काय घालायचं, शिक्षा कोणती आणि किती, आणि गावकऱ्यांचं काय करायचं, हे सांगा. ‘संस्कार करा’ असं उत्तर कृपया नको.

---

चढाई_तीस_सेकंद

सर, कबड्डीपुरतं लिहितो. दुखणी बरीच दिसतात, मुळं दोनच आहेत. पोरांना नियम अर्धवट माहीत असतात, आणि गुण गेल्यावरच्या पहिल्या दहा सेकंदांत हातापायांचं काय करायचं ते कोणी शिकवलेलं नसतं.

आधी नियम. या वयातली बहुतेक भांडणं चार-पाच जागीच होतात. बोनस तेव्हाच मिळतो जेव्हा समोर सहा किंवा सात खेळाडू असतात, आणि एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत असावा लागतो. पाच खेळाडू उरल्यावर ‘बोनस’ म्हणून ओरडणारा पोरगा खोटं बोलत नसतो, त्याला ठाऊकच नसतं. लॉबीचं (मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या) तसंच: स्पर्श व्हायच्या आधी लॉबीत पाय पडला तर बाद. कोणालाही स्पर्श न करता परतायचं असेल तर निदान रेषा (मध्यरेषा आणि बोनस रेषा यांच्या मधली) एकदा तरी ओलांडावी लागते. दम तुटला की चढाई संपली. ३० सेकंद संपले की संपली. प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला यातला एकच नियम घ्या, पाच मिनिटं, रेषेवर उभं राहून. वर्गात फळ्यावर काढून उपयोग होत नाही, कारण वाद फळ्यावर होत नसतो.

आता मुख्य गोष्ट. पोरांच्या हातात शिट्टी द्या. बारा जण आहेत ना? पाच विरुद्ध पाच खेळवा, उरलेले दोघे अधिकारी: एक पंच, एक गुणलेखक. आठ-आठ मिनिटांचे दोन डाव. मध्यंतरात अधिकारी बदला. महिनाभरात प्रत्येकाच्या वाट्याला हे काम चार-पाचदा येतं. बोनस रेषेजवळ वाकून मागचा पाय हवेत होता की जमिनीला घासत होता, हे पाऊण सेकंदात ठरवायला लागलं की पंचाकडे बघायची नजर बदलते. गुणलेखकाला साधी वही पुरते: चढाईचा क्रमांक, कोणाची, गुण किती, कशाचा. पाच-पाचच्या खेळात बोनस लागू होत नाही, म्हणून सरावापुरता ‘पाचही उभे असतील तर बोनस’ असा नियम करा आणि हा फक्त सरावाचा नियम आहे हे रोज बजावा.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. पोरगा पंच चुकीचा निर्णय देतो आणि बाहेरून सर ओरडतात, ‘अरे नाही, तो बाद होता!’ झालं. त्या एका वाक्यात सगळा संघ शिकतो की पंचाच्या वर कोणीतरी आहे आणि त्याच्याकडे रडगाणं गायलं की निर्णय फिरतो. पोरगा पंच चुकला तरी त्याचा निर्णय राहू द्या. सराव संपल्यावर त्याला एकट्याला सांगा.

बोलायचा हक्क फक्त कर्णधाराला. हात वर करायचा, चालत जायचं (धावत नाही), दोन्ही हात पाठीमागे, एकच प्रश्न: ‘सर, गुण कशाचा दिला?’ ‘का दिला’ म्हटलं की तो जाब होतो. उत्तर ऐकायचं, ‘बरं सर’ म्हणायचं, जागेवर परत. दहा सेकंदांत सगळं. हेसुद्धा सरावात घोटून घ्यायचं, आणि सरावापुरता कर्णधार दर आठवड्याला बदलायचा. सगळ्यात भांडकुदळ पोराला आधी कर्णधार करा.

शिक्षेबद्दल: फेऱ्या आणि उठाबशा बंद करा. पळणं हा सरावाचा भाग आहे, त्याला शिक्षा बनवलं की पोरं पळण्यालाच कंटाळतात. कबड्डीत कार्डं आहेत, तीच वापरा. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर आणि तेवढा वेळ संघ एका खेळाडूनं कमी, लाल म्हणजे तो सामना संपला. वहीच्या पुठ्ठ्याची कार्डं करून रंगवा. आठ मिनिटांच्या डावात दोन मिनिटं एक गडी कमी असणं संघाला चांगलंच जाणवतं. आणि सर, पहिलं पिवळं कार्ड तुमच्या सगळ्यात भारी चढाईपटूला मिळालं पाहिजे, अर्थात त्यानं तसं वागलं तर. तो सुटला की बाकी अकरा जणांना सगळा हिशोब कळतो.

शेवटचं, कबुलीचं. बचाव करताना आपल्याला स्पर्श झाला असेल तर पोरानं स्वतः हात वर करून बाजूला व्हायचं. पंचानं विचारायची वाट पाहायची नाही.

---

शिट्टी_आणि_वही

वरचं बहुतेक सगळं पटतं, पण शेवटचा मुद्दा जसा लिहिला तसा शिकवू नका. त्यात नियमाचा घोळ आहे.

कबड्डीत नुसत्या स्पर्शानं गुण होत नाही. चढाईपटूनं दम न सोडता, वेळेत मध्यरेषेपर्यंत परतावं लागतं. तोपर्यंत ज्याला स्पर्श झाला तो बचावपटूसुद्धा खेळात असतो, पकडीत सामील होऊ शकतो, आणि पकड यशस्वी झाली तर तो स्पर्श वाया जातो. त्यामुळे स्पर्श झाल्या झाल्या हात वर करून बाजूला होणारा पोरगा प्रामाणिक ठरतो, पण संघाला एक गडी कमी पाडतो. त्याच नादात तो अंतिम रेषेबाहेर गेला तर आपसूक बाद होतो. चार वेळा असं झालं की पोरंच म्हणतात, ‘खरं बोललं की हरतो.’ ही शिकवण तुम्हाला नको आहे.

क्रम असा ठेवा: चढाई पूर्ण संपेपर्यंत जीव तोडून खेळायचं. चढाई संपली, पंचांची शिट्टी झाली, मग ज्याला स्पर्श झाला त्यानं हात वर करून जागेवर उभं राहायचं. पंचांनी बोट दाखवल्यावरच मैदान सोडायचं. चढाईपटूच्या बाजूनंही हेच. हात लागला नसताना परत येऊन ‘दोन, दोन’ अशी बोटं नाचवणं हा खोटा दावाच आहे. लागला तर दाखवा, नाही तर खाली हात घेऊन आपल्या जागी.

मांडी थोपटण्यावर सरसकट बंदी घालू नका, तो या खेळाचा जुना भाग आहे. मर्यादा ठरवा: आपल्या अर्ध्या मैदानात, आपल्या संघाकडे तोंड करून, पुढची चढाई सुरू व्हायच्या आत. पडलेल्या गड्यावर उभं राहून थोपटलं की पंचाच्या लेखी ती चिथावणी. पोरांना ‘उद्धटपणा करू नका’ म्हटलं तर काही कळत नाही. ‘पाठ फिरव आणि मग थोपट’ म्हटलं तर लगेच कळतं.

आणखी काही गोष्टी खिलाडूवृत्तीत कोणी मोजत नाही, पण पंच मोजतो. नखं कापलेली असली पाहिजेत, अंगाला तेल लावून उतरायचं नाही, दोन्ही नियमातच आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी सरावाच्या शेवटी एक नेलकटर फिरवा. पकडीत तोंड दाबून दम मोडणं, गळा आवळणं, पायांची कैची घालणं, केस किंवा बनियन धरून ओढणं, हे सगळं निषिद्ध. गावातल्या खुल्या सामन्यांत मोठे खेळाडू कैची घालतात आणि टाळ्या घेतात, पोरं तेच बघून येतात. म्हणून कैची का बंद आहे ते दाखवून सांगा: चढाईपटूचा गुडघा दोन पायांत अडकतो आणि धड पुढं जात राहतं, पीळ सगळा गुडघ्यात बसतो. ऑगस्टमध्ये काळ्या मातीचं मैदान वरून वाळलेलं आणि खाली चिकट असतं. पाय रुतलेला असताना तर हा धोका दुप्पट. समोरचा पडला तर उठवायला हात द्यायचा, पण शिट्टीनंतर. चढाई चालू असताना मदतीला वाकलेला पोरगा स्वतःच धडकतो.

कटू वाटेल पण लिहितो. चौदाखालच्या गटात दाखल्यावरची तारीख ‘जुळवून’ एखादा मोठा पोरगा खेळवला, किंवा वजनी गटाच्या सामन्यात वजन देताना एक आणि मैदानात दुसरा उतरवला, तर वरचं काहीही शिकवू नका. संघातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं की हा कितवीत होता आणि त्याचं खरं वय काय. क्रिकेटमध्ये वयचोरी इतकी माजली की बीसीसीआयला १६ वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवावं लागतं. आपल्याकडे एक्स-रे नाही, पण बारा जोड्या डोळे आहेत.

---

खांब_ते_खांब

सर, मुलींच्या खो-खोबद्दल मी लिहिते. इथे कबड्डीचं जसंच्या तसं चालत नाही.

पहिला फरक कबुलीचाच. खो-खोत पळणारीला स्पर्श झाला की ती बाद, परत कुठे पोचायची अट नाही. म्हणून इथे हात तिथल्या तिथे वर करायचा आणि बाहेर पडायचं. सूर मारताना बोटाचं टोक पाठीला लागलं की नाही हे पळणारीला पंचाच्या आधी कळतं. आक्रमकाच्या बाजूनं प्रामाणिकपणा खो देण्यात आहे: बसलेलीच्या पाठीमागून, हातानं स्पर्श आणि ‘खो’ एकाच वेळी. स्पर्श आधी आणि आवाज नंतर, किंवा खो मिळायच्या आधीच बसलेली अर्धी उठलेली, ही चोरी सवयीनं होते, ठरवून क्वचितच. म्हणून जोडीचा सराव घ्या. दोघी बसलेल्या, एक खो देणारी, चौथी फक्त ऐकणारी, डोळे मिटून. आवाज आणि उठण्याची चाहूल यात क्रम चुकला की तिनं हात वर करायचा. दहा खो, मग जागा बदल. डोळे मिटल्यानं मैत्रिणीची बाजू घेता येत नाही.

आता अबोला. मुली हरल्यावर मैदानात भांडत नाहीत, परतीच्या गाडीत कुजबुजतात. आठ-दहा जणी कोंबलेली काळी-पिवळी, पाऊण तासाचा रस्ता, आणि ‘तिच्यामुळे गेलं’ हे तिथंच ठरतं. म्हणून माझा आग्रह असा की गाडीत सामन्याचा विषय नाही, एकदम बंद. पाणी, चिवडा, गाण्याच्या भेंड्या. शिक्षकानंही तोंड उघडायचं नाही. चूक दाखवायची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे सामन्यानंतरचा पहिला तास. तेव्हा मूल शिकत नाही, फक्त लाज साठवतं.

चर्चा पुढच्या सरावाला, गुणपत्रक हातात घेऊन. खो-खोच्या गुणपत्रकात कोण किती वेळ टिकली ते मिनिट-सेकंदात असतं. मात्र एकेकीचा वेळ मोठ्यानं वाचू नका. वीस सेकंदांत बाद झालेली मुलगी तिथंच मिटते. तिघींच्या तुकडीचा मिळून वेळ वाचा: पहिली तुकडी २:४०, दुसरी १:१५. मग दुसऱ्या तुकडीला विचारा, कुठल्या खांबापाशी अडकलात, पुढच्या वेळी पहिली कोण पळेल. बोलणं जागेवर आणि क्रमावर येतं, व्यक्तीवर राहत नाही. एकेकीचा वेळ ज्या-त्या मुलीला चिठ्ठीवर द्या.

बाद होऊन येणारीचं काय करायचं तेही ठरवून टाका. तिनं चालत रांगेच्या मागं जायचं, पाणी प्यायचं, मग बसायचं. डोकं गुडघ्यात घालून तिथंच फतकल मारली की पुढची पळणारी तिच्याकडे बघत आत जाते. थांबलेल्या मुलींनी बाद झालेलीचं नाव घेऊन टाळी द्यायची, प्रत्येक वेळी, चांगली खेळली असो वा नसो. पहिले काही दिवस हे नाटकी वाटतं. वाटू द्या.

हात मिळवणं: सामन्याच्या दिवशी सांगून जमत नाही. प्रत्येक सरावात, आपसातल्या डावानंतरसुद्धा, तोच क्रम. शेवटची शिट्टी, जागेवर तीन लांब श्वास (हा भाग गाळू नका, रडणारीला एवढाच वेळ लागतो), कर्णधार पुढे, बाकीच्या बनियनच्या नंबरानं मागे. समोरचीच्या डोळ्यांत बघून ‘छान खेळलात’. मग पंच, मग गुणलेखकाचं टेबल. पंच पुरुष असतील आणि मुली संकोचत असतील तर नमस्कार करू द्या, जबरदस्ती नको. शेवटी पाणी. नंबरानं रांग लावण्याचं कारण असं की नाही तर नाराज मुलगी बरोबर शेवटी सरकते आणि हळूच गळते.

आणखी एक, हरण्याचा सराव. आठवड्यातून एकदा डाव ०–० वरून सुरू करू नका. एका बाजूला आधीच सहा गुण देऊन टाका आणि शेवटची चार मिनिटं खेळवा. दुसऱ्या आठवड्यात सुरुवातीलाच सांगा, ‘आज माझे तीन निर्णय मुद्दाम चुकीचे येणार, कोणते ते सांगणार नाही.’ चुकीचा निर्णय आला की घड्याळ लावा: शिट्टीपासून सगळ्या आपापल्या चौकोनात नीट बसेपर्यंत किती सेकंद? सुरुवातीला वीस-पंचवीस जातात. दहाच्या खाली आणायचे. हे सांगून करायचं. न सांगता फसवलं तर मुलींचा तुमच्यावरचाच विश्वास उडेल.

---

दोरीच्या_बाहेरून

राजेहो, सगळे पोट्ट्यायच्याच मागं लागले. मोठ्यायचं कोण पाहीन? सरांनी विचारलं म्हणून गावाकडची बाजू सांगतो.

पहिलं काम दोरीचं. मैदानाच्या रेषेपासून तीन मीटर सोडून चारही बाजूनं दोरी बांधा, बांबू ठोकून. फक्की मारलेल्या रेषेवर माणसं बसली की ते पंच होतात, दोरीमागं बसली की प्रेक्षक राहतात. तीन मीटर यासाठी की रेषेवरचा पंच मोकळा फिरला पाहिजे आन् बाहेर फेकल्या गेलेला पोट्टा कोणाच्या मांडीवर पडला नाही पाहिजे.

दुसरं, पैसे. चढाई मारून आला का कोणी तरी उठते आन् पन्नासची, शंभरची नोट पोराच्या हातात कोंबते. तारीफ चांगली गोष्ट हाय, पण बारा वर्षाच्या पोराले मंग पकड धरणारा, साखळी करणारा कोणी दिसतच नाही. तो दर चढाईले लोकायकडे पाहाते. पैसे बंद करा म्हणसान तर लोकं रुसतीन. त्यापेक्षा माइकवाल्याच्या टेबलावर एक डबा ठेवा. ज्याले बक्षीस द्यायचं त्यानं डब्यात टाकावं, नाव माइकवर सामन्यानंतर घेतल्या जाईन, पैसा सगळ्या संघाचा. बुटासाठी, बँडेजसाठी कामी येते.

तिसरा हा माइकवालाच. अर्धं वातावरण त्याच्या हातात असते. त्याले आधीच तीन गोष्टी सांगा लागते: पोराच्या अंगावरून, रंगावरून बोलायचं नाही, जातीवरून, आडनावावरून, गावावरून टोमणा नाही, पंचाच्या निर्णयावर मत नाही, फक्त गुण सांगायचे. दुसऱ्याच्या गावच्या पोराची पकड सुटून चढाई जमली तर त्याचंही नाव तेवढ्याच जोरानं घ्यायचं. माइकवर जातीचा शब्द आला तर ती चेष्टा नाही राहत बाप्पा, तो गुन्ह्याचा विषय होते. तिथं सामना थांबवायचाच.

चौथं, ओरडणारा काका. प्रत्येक गावात असते. त्याले मास्तरनं टोकू नये, मंग ते मास्तर विरुद्ध गाव होते. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष नाही तर सरपंच, यायच्या तोंडून सांगा, तेही स्पर्धेच्या आधी, वीस मिनिटाच्या बैठकीत. आन् सगळ्यात मोठ्या आवाजाचा जो असीन त्याले काम द्या. गुणफलक पलटवायला बसवा. गुणफलकावर बसलेल्या माणसाले पंच म्हणीन तेच लिहा लागते, ओरडायले फुरसत भेटत नाही.

आईबापायले घरासाठी एकच सांगणं. पोरगा हरून आला का पहिले जेवू घाला. ‘पंचानंच खाल्लं’ हे वाक्य घरात नको. ते ऐकलं का दुसऱ्या दिवशी पोट्टं तेच मैदानात बोलते.

---

काळी_माती_मैदान

सगळ्यांचे आभार. पाठीमागे हात, दोरी, डबा आणि गुणफलकवाले काका लगेच सुरू करता येतील.

दोन शंका. एक, भारी चढाईपटूला पिवळं कार्ड सरावात देणं सोपं आहे. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशीच त्यानं घाण केली तर? बाहेर बसवला की संघ हरणार, आणि मुख्याध्यापक, गाव, सगळे विचारणार. दोन, पोरांना सांगायला खरी उदाहरणं हवीत. व्हॉट्सॲपवरच्या गोष्टी खऱ्या की खोट्या कळत नाही.

---

चढाई_तीस_सेकंद

आधी शिट्टी_आणि_वही यांना: स्पर्शाच्या कबुलीचं तुमचं बरोबर, चढाई संपल्यावरच हात. तसंच शिकवावं.

सर, पहिल्या शंकेचं उत्तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी मिळत नाही, दीड महिना आधी मिळतं. हंगामाच्या सुरुवातीला एक कागद करा, पाच-सहा ओळींचा, त्यावर खेळाडू, पालक आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या. पायऱ्या स्पष्ट लिहा. सरावात आठवड्यात दोन पिवळी कार्डं मिळाली तर पुढच्या सामन्याचा पहिला डाव राखीव बाकावर. पंचाला शिवी, कोणावर हात उचलणं किंवा जातीवरून बोलणं असेल तर पुढचा पूर्ण सामना बाहेर, तो अंतिम असला तरी. बस. यापेक्षा जास्त कलमं घातली तर पाळली जात नाहीत. कागदावर मुख्याध्यापकांची सही असली की गावाला उत्तर देताना तुम्ही एकटे पडत नाही.

बाकावर बसवलेल्याला घरी पाठवू नका. गणवेशात, संघासोबत, गुणवही त्याच्या हातात. आणि हे शक्य व्हावं म्हणून सरावात दुसरा आणि तिसरा चढाईपटू तयार ठेवा. दर डावातली किमान एकतृतीयांश चढाई त्यांची. जो संघ एकाच पोरावर उभा असतो त्याचा शिक्षक त्या पोराला काही बोलू शकत नाही.

दहावी-बारावीच्या पोरांना क्रीडा सवलतीच्या गुणांचा धाक-लोभ असतो, तिथं हे अवघड जातं. आठवीपर्यंत ती अडचण तेवढी जाणवत नाही, म्हणून आत्ताच करून घ्या.

---

खांब_ते_खांब

उदाहरणांबद्दल. दोन भारतीय कर्णधारांची सांगा, दोन्ही नोंदलेली आहेत. १९८० मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांतच बाद झाले होते. पहिल्या स्लिपमधल्या कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथला चेंडू बॅटला लागला नाही असं वाटलं, त्यानं टेलरला परत बोलावलं. टेलरनं ४३ केल्या, बोथमसोबत १७१ ची भागीदारी झाली आणि भारत दहा गड्यांनी हरला. दुसरं, २०११, ट्रेंट ब्रिज, पुन्हा इंग्लंडविरुद्धचीच कसोटी. चेंडू सीमापार गेला असं समजून इयान बेल चहापानाला निघाला आणि धावबाद झाला. नियमानं तो बादच होता. चहापानात धोनीनं अपील मागं घेतलं. १३७ वरचा बेल १५९ पर्यंत गेला. तोही सामना भारत हरला.

हरल्याचा भाग गाळू नका, गोष्ट तिथंच आहे. ‘चांगलं वागलं की जिंकतो’ असं सांगितलं तर पहिल्याच पराभवात मुलं तुम्हाला खोटं पाडतील. आणि मुलांना मत विचारा: धोनीनं बरोबर केलं का? नियमानं बाद असताना परत का बोलवायचं? दोन गट पडतील. पडू द्या, वाद घालू द्या, निकाल देऊ नका.

टोकियो ऑलिंपिकच्या उंच उडीत कतारचा बर्शिम आणि इटलीचा तांबेरी या दोघांनी २.३७ मीटरवर सुवर्णपदक वाटून घेतलं, हेही मुलांना आवडतं. सांगताना हेही सांगा की तसं वाटून घेण्याची मुभा नियमात होती आणि बर्शिमनं ती अधिकाऱ्याला विचारून घेतली. नियम माहीत असल्याचा तोही फायदा.

---

शिट्टी_आणि_वही

एक राहिलं. गप्प बसणं म्हणजे खिलाडूवृत्ती, असा समज पोरांचा होऊ देऊ नका. पंच खरोखर चुकतात. गुणलेखकाची बेरीज चुकते, खेळाडूच्या नंबरात घोळ होतो, लोणाचे (समोरचा सगळा संघ बाद केल्याचे) दोन गुण लिहायचे राहतात. त्यासाठी लेखी हरकतीची सोय असते. स्पर्धेच्या माहितीपत्रकात मुदत किती, शुल्क किती, अर्ज कोणाकडे द्यायचा ते आधीच वाचून ठेवा. हरकत संघ व्यवस्थापकानं घ्यायची, पोरांनी नाही. स्पर्श झाला की नाही, बोनस होता की नाही, असल्या डोळ्यांच्या निर्णयावर हरकत टिकत नाही. बेरीज, अपात्र खेळाडू, वेळ, नियमाचा चुकीचा वापर यावर टिकते.

तुमची स्वतःची गुणवही इथं कामी येते. वर सांगितलंय तसा पोरगा गुणलेखक प्रत्येक सामन्यात बाहेर बसवून समांतर नोंद ठेवा. मध्यंतरात दोन्ही वह्या ताडून पाहायची विनंती करता येते, नम्रपणे केली तर बहुतेक पंच मान्य करतात, कारण चूक तिथंच निस्तरली तर त्यांचीही सुटका होते. अर्जात सामना क्रमांक, कितवा डाव, कितवी चढाई आणि कोणता नियम एवढंच लिहा, ‘अन्याय झाला’ वगैरे नको. कार्बन ठेवून दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर वेळेसह पोच घ्या.